डोळ्यात थेंब टिकावा म्हणून

डोळ्यात औषधाचा थेंब टाकला की मिनिटा-दोन मिनिटांत घशाशी कडवट चव येते. बहुतेकांनी ती कधी ना कधी चाखलेली असते आणि अनेकांना वाटतं, चला, औषध लागू पडलं. घडलेलं असतं उलटंच. ती चव म्हणजे डोळ्यातून निघून गेलेलं औषध. पापण्यांच्या नाकाकडच्या कोपऱ्यात वर एक आणि खाली एक अशी टाचणीच्या टोकाएवढी दोन छिद्रं असतात. डोळ्यातलं जादा पाणी तिथून एका नळीवाटे नाकात उतरतं आणि नाकातून घशात. रडताना नाक वाहू लागतं ते याच वाटेमुळे. औषधाचा थेंबही तीच वाट धरतो.

किती औषध जातं याचा हिशेब एकदा मांडून बघा. डोळ्यात एका वेळी अश्रू असतात सुमारे ७ मायक्रोलिटर. एका मिलिलिटरचे हजार भाग केले तर त्यातले सात. खालची पापणी आणि डोळा यांच्यामध्ये जो छोटा खिसा असतो त्यात फार तर ३० मायक्रोलिटर मावतं, तेही क्षणभर. बाटलीतून पडणारा थेंब मात्र ३० ते ५० मायक्रोलिटरचा. म्हणजे थेंब पडला रे पडला की त्यातला काही भाग गालावर ओघळतो. उरलेल्याच्या मागे अश्रू लागलेले असतात. दर मिनिटाला साधारण १५ टक्के अश्रू नवे येतात आणि तेवढेच जुने निघून जातात. औषध झोंबलं तर डोळा भरून येतो आणि हा वेग आणखी वाढतो. त्यात पापणी मिनिटाला दहा-पंधरा वेळा मिटते आणि प्रत्येक वेळी डोळ्यावरचा द्रव त्या छिद्रांकडे ढकलते. पाच-दहा मिनिटांत बहुतेक औषध डोळ्याबाहेर गेलेलं असतं. डोळ्याच्या आतल्या भागात पोचतं ते शंभरातल्या पाच भागांहूनही कमी.

यात डोळ्याचं काही चुकत नाही. धूळ, कीटक, जंतू, धूर असं जे काही बाहेरून येईल ते धुऊन काढायचं, हेच त्याचं काम. औषध आणि कचरा यांतला फरक मात्र त्याला कळत नाही.

मी औषधांच्या फॉर्म्युलेशनचं काम करते. औषधाचा मूळ रेणू शोधणारे लोक वेगळे. तो रेणू गोळीत घालायचा की थेंबात, कशात विरघळवायचा, किती वेळात सुटू द्यायचा, बाटलीत दोन वर्षं कसा टिकवायचा, हे आमच्याकडे येतं. डोळ्याच्या औषधांवर काम करताना एक गोष्ट फार लवकर ध्यानात आली. इथे जंतू मारणारी औषधं आहेत, सूज उतरवणारी औषधं आहेत आणि त्यांतली पुष्कळशी उत्तम आहेत. कमी पडतो तो वेळ. औषधाला डोळ्यावर बसायला वेळच मिळत नाही.

हा वेळ इतका का लागतो? बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो त्याला कॉर्निया म्हणतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. पण या अर्ध्या मिलिमीटरची रचना अशी आहे की औषधाला दोनदा परीक्षा द्यावी लागते. सगळ्यांत बाहेरच्या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात आणि त्यांच्यातून तेलात मिसळणारे पदार्थ तेवढे सहज जातात. त्याखालचा जाड थर पाण्याने भरलेला, तिथे पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थांचीच डाळ शिजते. दोन्हीकडे थोडं थोडं जमवून घेणारं औषधच पार होतं आणि तेही सावकाश. पाच मिनिटांत ते उरकत नाही.

यावर डॉक्टरांकडे एक सरळ उपाय असतो: थेंब पुन्हा पुन्हा टाका. कॉर्नियावर जंतुसंसर्गाने व्रण झाला तर सुरुवातीचे दोन दिवस दर तासाला, कधी दर अर्ध्या तासाला अँटिबायोटिक टाकायला सांगतात. रात्रीसुद्धा. माझ्या वडिलांना असा व्रण झाला होता तेव्हा त्या दोन रात्री आम्ही पाळ्या लावून जागलो. दर तासाला गजर वाजायचा. दिवा लावला की उजेडाने त्यांचा डोळा गच्च मिटायचा. खालची पापणी हलकेच ओढून थेंब टाकायचा आणि तो आत गेला की पापणीवरच राहिला, हे काही नक्की कळायचं नाही. म्हणून मग आणखी एक टाकायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी, म्हणजे ती पाच मिनिटं घड्याळाकडे बघत उभं राहायचं. घरात जागायला माणसं होती म्हणून हे निभलं. एकटं राहणाऱ्या, हात थरथरणाऱ्या, दुसऱ्या डोळ्यानेही धड न दिसणाऱ्या माणसाने हे कसं करायचं? थेंब चुकले तर जंतूंना उसंत मिळते, व्रण खोल जातो आणि बरा झाला तरी बुबुळावर पांढरा वण उरतो. फूल पडणं म्हणतात ते हेच. तेव्हापासून डोळ्यात टिकणारं औषध हा माझ्यासाठी केवळ प्रयोगशाळेतला विषय उरलेला नाही.

टिकाऊपणासाठी सगळ्यांत जुना उपाय मलमाचा. तेलकट, मेणचट आधारात औषध घोटायचं आणि पापणीच्या आत त्याची रेघ ओढायची. मलम टिकतं, पण सगळं धूसर दिसतं. पापण्या चिकटतात, मलम पुसून काढलं तर औषधही पुसलं जातं. म्हणून मलम रात्री झोपताना ठीक, दिवसा माणूस कामाला जाऊ शकत नाही. दुसरा उपाय थेंबच दाट करण्याचा. सेल्युलोजपासून बनवलेले दाटपणा आणणारे पदार्थ घालून थेंब थोडा जाडसर केला की तो जरा उशिरा वाहून जातो. फायदा होतो, पण बेताचाच. फार दाट केला तर बाटलीतून थेंब नीट सुटत नाही आणि डोळ्यात काहीतरी गेल्यासारखं वाटून डोळा पाणी काढतो. ते पाणी मग सगळंच घेऊन जातं.

आता जेल. जेल म्हणजे भरपूर पाणी आणि त्या पाण्याला धरून ठेवणारं लांबलचक रेणूंचं विरळ जाळं. हाताला ते घन लागतं, पण वजनाने बहुतेक पाणीच असतं. डोळ्याला हे परकं नाही. आपल्या डोळ्याचा आतला मोठा भाग एका स्वच्छ जेलनेच भरलेला आहे आणि त्यात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कार्ल मेयर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातल्या या जेलमधून एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला हायलुरॉनिक ॲसिड हे नाव दिलं. आज कोरड्या डोळ्यांसाठीच्या कितीतरी थेंबांत तो असतो. पुढे ओटो विख्टरले आणि द्राहोस्लाव्ह लिम या चेक रसायनशास्त्रज्ञांनी पाणी धरून ठेवणारं, शरीराला न खुपणारं कृत्रिम जेल तयार करून १९६० साली जगापुढे मांडलं. १९६१च्या नाताळात विख्टरले यांनी मुलांच्या खेळातल्या धातूच्या सुट्या भागांपासून आणि सायकलच्या डायनामोपासून घरीच एक यंत्र जोडलं आणि त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवल्या. मला या माणसाविषयी फार आदर वाटतो. डोळ्याला काय सहन होतं हे त्यांनी नेमकं हेरलं होतं: मऊ, ओलं, पारदर्शक.

तरी एक अडचण राहतेच. जेल बाटलीत जेल असेल तर ते थेंबाने टाकता येत नाही आणि मोजून टाकणंही कठीण. ही गाठ सुटली ती एका साध्या कल्पनेने. बाटलीत पाण्यासारखं पातळ ठेवायचं आणि डोळ्यात पडल्यावर तिथल्या तिथे त्याचं जेल होऊ द्यायचं. त्यासाठी बाटली आणि डोळा यांत जो फरक असेल तो कामी लावायचा. असे फरक तीन आहेत. अश्रू खारट असतात, डोळा कोमट असतो आणि अश्रूंचा आम्ल-अल्कली तोल, म्हणजे पीएच, ७.४च्या आसपास असतो.

खारटपणा वापरणारा पदार्थ मला सगळ्यांत आवडतो, त्याचं नाव जेलन गम. तळ्यातल्या एका पाणवनस्पतीवर राहणारा जीवाणू तो बनवतो आणि १९७८ साली त्याचा शोध लागला. जेलनचे रेणू म्हणजे लांब साखळ्या. पाण्यात त्या दोन-दोन मिळून पिळाच्या दोरीसारख्या गुंफल्या जातात. पण या दोऱ्यांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना लांब ठेवतात आणि द्रव पातळ राहतो. अश्रूंमध्ये सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे धनभारित कण असतात. ते मध्ये आले की दोऱ्यांमधली दुही मिटते, त्या जवळ येतात आणि जाळं तयार होतं.

प्रयोगशाळेत हे बघायला काही फार लागत नाही. आधी कृत्रिम अश्रू करायचे. १०० मिलिलिटर पाण्यात ०.६७ ग्रॅम मीठ, ०.२ ग्रॅम खाण्याचा सोडा आणि ०.००८ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. काचेच्या कुपीत हे दोन मिलिलिटर घ्यायचे, ती ३४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात उभी करायची आणि वरून जेलनच्या द्रावणाचा एक थेंब सोडायचा. द्रावणात जेलन शंभरात एका भागाहूनही कमी, हलवलं तर पाण्यासारखं हलणारं. थेंब पृष्ठभागाखाली जातो आणि पसरायच्या ऐवजी जागीच आकार धरतो. कडा आधी उमटतात, मग आतला भाग किंचित दुधाळ होतो. कुपी तिरकी केली तर तो तळाशी अखंड घरंगळतो. कागदावर आम्ही फक्त अधिकच्या खुणा करतो. लगेच विरघळणाऱ्या जेलला एक, काही तास राहणाऱ्याला दोन, त्याहून जास्त टिकणाऱ्याला तीन. पहिल्यांदा तीन खुणा केल्या तेव्हा मी ती कुपी तशीच टेबलावर ठेवली होती आणि संध्याकाळी निघताना पुन्हा पाहिली. थेंब होता तिथेच होता.

हेच जेलन वापरून काचबिंदूवरच्या टिमोलॉल या औषधाचं जेल होणारं द्रावण तयार झालं आणि १९९३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. साधे थेंब दिवसातून दोनदा लागत, हे एकदा पुरू लागलं. काचबिंदू म्हणजे संसर्ग नव्हे, पण बाटलीतला पातळ द्रव डोळ्यात जेल होतो, लाखो लोक ते रोज वापरू शकतात आणि औषध तेवढंच काम करतं, हे या औषधाने दाखवून दिलं. टिमोलॉलच्या बाबतीत घशात उतरणारं औषध ही नुसती चवीची गोष्ट नाही. नाकातल्या त्वचेतून ते थेट रक्तात जातं आणि दमा असलेल्यांना किंवा हृदयाचे ठोके आधीच मंद असलेल्यांना त्रास देऊ शकतं.

उष्णतेवर चालणारा पदार्थ म्हणजे पोलोक्सामर ४०७. याचं वागणं आपल्या अनुभवाच्या उलटं. बहुतेक घट्ट पदार्थ तापवले की पातळ होतात, हा थंडीत पातळ आणि उबेत घट्ट. फ्रिजमधून काढलेली कुपी पाण्यासारखी डुचमळते. मुठीत धरून मिनिटभर थांबा आणि उलटी करा, आतलं काही हलत नाही. या रेणूची दोन्ही टोकं पाण्याला धार्जिणी आणि मधला भाग पाण्याला बिचकणारा. उब वाढली की मधले भाग एकत्र येऊन छोटे गोळे होतात आणि असे असंख्य गोळे दाटीवाटीने रचले गेले की द्रव जागीच थिजतो.

दिसायला हे सोपं, पण जमवायला अवघड, कारण डोळ्यात थेंब एकटा नसतो. ४० मायक्रोलिटरच्या थेंबात ७ मायक्रोलिटर अश्रू मिसळतात, पोलोक्सामर पातळ होतं आणि ज्या तापमानाला ते घट्ट व्हायचं ते वर सरकतं. डोळ्याचा पृष्ठभाग ३२ ते ३५ अंश असतो. बाटलीत २६ अंशांना जेल होणारं द्रावण अश्रू मिसळल्यावर ३६ अंशांपर्यंत पातळच राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात. उलट पोलोक्सामर वाढवून ठेवलं तर गरम दिवसांत बाटलीतच जेल होऊन बसतं आणि थेंब पडत नाही. या दोन टोकांच्या मध्ये जी चिंचोळी जागा आहे ती शोधण्यात महिने जातात. शिवाय पोलोक्सामर १५ ते २० टक्के घालावं लागतं आणि एवढं घालूनही ते अश्रूंमध्ये भराभर झिजतं. म्हणून त्याच्या जोडीला दुसरा चिकट पदार्थ घालायची पद्धत आहे.

पीएचवर चालणारा गट कार्बोमरचा. आम्लधर्मी द्रावणात याच्या साखळ्या गुंडाळी करून बसलेल्या असतात. अश्रूंत आल्या की त्यांच्यावर ऋणभार येतो, भार एकमेकांना ढकलतात, साखळ्या उलगडतात आणि पाणी धरून फुगतात. जेल छान होतं, पण बाटलीतलं द्रावण आम्लधर्मी असल्यामुळे झोंबतं. झोंबलं की अश्रू, आणि अश्रू आले की औषध गेलं. सूज आलेल्या, आधीच लाल झालेल्या डोळ्यात तर मी हे एकट्याने कधीच वापरणार नाही.

घट्ट होणं आणि चिकटून राहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जेल घट्ट झालं आणि पापणीने ते गोळ्यासारखं बाजूला सारलं, असं होऊ शकतं. डोळ्याच्या पृष्ठभागावर म्यूसिन नावाचा बुळबुळीत थर असतो आणि त्यावर ऋणभार असतो. झिंगे-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या कायटोसानवर धनभार असतो, म्हणून ते या थराला बिलगतं. ते स्वतःही जंतूंना थोडंफार रोखतं, त्यामुळे संसर्गाच्या औषधांत त्याच्यावर पुष्कळ काम चाललेलं असतं. आणखी एक गुण हवा: पापणी फिरताना जेलने पातळ व्हावं आणि ती थांबली की पुन्हा दाट. भिंतीचा चांगला रंग ब्रशखाली सरकतो पण भिंतीवरून ओघळत नाही, तसं. हायलुरॉनिक ॲसिडमध्ये हा गुण उपजतच असतो.

इथवर सगळं टिकण्याबद्दल झालं. पण जेलमध्ये काय भरायचं यावर त्याची घडण ठरते आणि संसर्गाचं औषध आणि दाहाचं औषध यांच्या गरजा सारख्या नाहीत.

जंतूंच्या बाबतीत प्रत्येक अँटिबायोटिकची एक किमान पातळी असते. त्याच्या वर औषध असेल तर जंतूंची वाढ थांबते, खाली गेलं की ते पुन्हा डोकं वर काढतात. साध्या थेंबाने ही पातळी एकदम उंच जाते आणि लगेच कोसळते. जेलने शिखर कमी होतं आणि पातळी जास्त वेळ टिकते. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना हेच हवं असतं, कारण त्यांचं काम वेळेवर चालतं. पण सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टोब्रामायसिनसारख्या औषधांचा मारा उंच पातळीवर जास्त प्रभावी असतो. अशा औषधाला फार सावकाश सोडणारं जेल दिलं तर पातळी किमान रेषेच्या आसपासच रेंगाळते. जंतू मरत नाहीत, औषधाला सरावतात. म्हणून बारा तास औषध सोडणारं जेल केलं एवढ्याने माझं समाधान होत नाही. त्या बाराव्या तासाला पातळी किती होती, हा प्रश्न मी आधी विचारते. आरंभी थोडं औषध चटकन सुटावं आणि बाकीचं मागाहून, अशी दुहेरी रचना बऱ्याचदा जास्त शहाणपणाची ठरते.

ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक या कामासाठी जणू बनलेलं आहे, कारण ते पेशींमध्ये साठून राहतं. जीवाणूंमुळे डोळे येतात तेव्हा देण्यासाठी ते कार्बोमरच्याच जातकुळीतल्या पॉलिकार्बोफिल या चिकट पदार्थात घालून तयार केलं गेलं आणि २००७ साली अमेरिकेत आलं. पहिले दोन दिवस दोनदा आणि पुढचे पाच दिवस एकदा, म्हणजे एका डोळ्यासाठी आठवड्यात नऊ थेंब. लहान मुलाला दिवसातून पाच-सहा वेळा धरून थेंब टाकावे लागलेत अशा कुणालाही या नऊचं मोल सांगावं लागत नाही. नागिणीच्या कुळातला हर्पिस विषाणू कॉर्नियावर झाडाच्या फांद्यांसारखा व्रण करतो. त्यावर गॅन्सिक्लोव्हिरचं ०.१५ टक्क्यांचं जेल आहे, व्रण भरेपर्यंत दिवसातून पाच वेळा टाकायचं. मलमापेक्षा ते कमी धूसर करतं, त्यामुळे माणूस ते दिवसाही टाळत नाही. बुरशीचा संसर्ग सगळ्यांत चिवट. त्यावरचं नाटामायसिन पाण्यात विरघळत नाही आणि कॉर्नियात खोल शिरत नाही, उपचार कित्येक आठवडे चालतो. तिथे जेलची गरज सर्वांत जास्त आहे आणि हाताशी असलेलं सर्वांत कमी.

दाहावरची औषधं म्हणजे मुख्यतः स्टेरॉइड. यांतली बरीच पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ती बारीक कणांच्या रूपात थेंबात तरंगत ठेवतात. बाटली ठेवून दिली की तळाशी साका बसतो. न हलवता टाकलेल्या थेंबात औषध जवळजवळ नसतं आणि बाटली संपत आल्यावर एकदम जास्त येतं. रुग्ण सांगतो की मी नियमाने टाकलं, आणि तो खरंच बोलत असतो. जेलमध्ये कण जागच्या जागी धरलेले राहतात आणि प्रत्येक थेंब सारखा पडतो. शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेसाठी लोटेप्रेडनॉल या स्टेरॉइडचं जेल २०१२ साली अमेरिकेत मंजूर झालं, त्याचा एक मोठा फायदा हाच. हा रेणू काम झाल्यावर शरीरात निष्क्रिय व्हावा अशाच बेताने घडवलेला आहे, त्यामुळे डोळ्याचा दाब वाढण्याचा धोका जुन्या स्टेरॉइडपेक्षा कमी राहतो. कमी म्हणजे शून्य नव्हे. डोळा लाल झाला म्हणून घरात पडलेलं स्टेरॉइड कुणीही टाकू नये, हे मी कळकळीने सांगते. लाली उतरते, बरं वाटतं आणि आत विषाणू किंवा बुरशी असेल तर तिला मोकळं रान मिळतं. आणि जेल असेल तर हे नुकसानही जास्त वेळ टिकतं.

टिकण्याची ही दुधारी गोष्ट परिरक्षकांच्या बाबतीत फार जाणवते. बाटली एकदा उघडली की तिच्यात जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखा पदार्थ घालतात. तो साबणासारखा वागतो, जंतूंचं कवच फोडतो आणि जास्त दिवस वापरला तर कॉर्नियाच्या बाहेरच्या पेशींनाही इजा करतो. साध्या थेंबाबरोबर तो पाच मिनिटांत धुऊन जायचा, जेल त्यालाही तितकाच वेळ धरून ठेवतं. बरं, तो धनभारित आणि आपली पुष्कळशी जेलं ऋणभारित, त्यामुळे दोघं एकमेकांना चिकटून द्रावण गढूळ होतं ते वेगळंच. परिरक्षक काढून टाकावं तर बाटली आणि कारखाना दोन्ही कडेकोट हवेत. २०२३ साली अमेरिकेत परिरक्षक नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांमधून औषधांना दाद न देणारा स्यूडोमोनास जीवाणू पसरला. ८१ रुग्ण, त्यांतल्या १४ जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा मृत्यू झाला. कोरडेपणासाठी टाकलेले थेंब होते ते. निर्जंतुकीकरणाचा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे हे आकडे येतात.

जेल निर्जंतुक करणंही सरळ नसतं. पातळ द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढलं की जंतू मागे राहतात. दाट जेल त्यातून जातच नाही. १२१ अंशांच्या वाफेत ठेवावं तर समुद्री शेवाळापासून मिळणारं अल्जिनेट आणि हायलुरॉनिक ॲसिड यांच्या साखळ्या तुटतात आणि सकाळी घट्ट असलेलं जेल दुपारी पाणी होतं. पोलोक्सामर मात्र इथे उपकार करतं. थंड असताना पातळ असल्यामुळे थंडच गाळून घेता येतं.

शेवटी चाचणी. १९४४ सालापासून डोळ्याला काय खुपतं हे सशाच्या डोळ्यात टाकून बघायची पद्धत रूढ झाली. प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्न आहेच, पण जेलच्या बाबतीत ससा शास्त्र म्हणूनही दिशाभूल करतो. ससा फार क्वचित पापणी मिटतो, तासाला मोजक्याच वेळा. त्याच्या डोळ्यात जेल आठ तास राहिलं म्हणून माणसाच्या डोळ्यात राहीलच असं नाही. कोंबडीच्या फलित अंड्यातलं पातळ आवरण, कत्तलखान्यातून आणलेल्या गाईच्या डोळ्यांचा कॉर्निया यांवर आता पुष्कळ चाचण्या होतात, आणि त्या वाढत आहेत याचं मला मनापासून बरं वाटतं. तरीही पापणीची खरी घासाघीस माणसाच्या डोळ्यातच कळते. प्रयोगशाळेत तीन खुणा मिळवलेलं एखादं जेल तिथे अर्ध्या तासात गायब झालेलं असतं आणि मग पुन्हा पहिल्या कुपीपासून सुरुवात.

एवढं सगळं जमलं तरी जेलची धाव डोळ्याच्या पुढच्या भागापर्यंतच. पडद्यापर्यंत, म्हणजे डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत, औषध पोचवायला अजून इंजेक्शनच लागतं.

डॉक्टरांनी तुम्हाला जेल होणारं औषध दिलं असेल तर दोन-तीन गोष्टी सांभाळा. दुसरे साधे थेंबही असतील तर ते आधी टाका, निदान दहा मिनिटं जाऊ द्या आणि जेल सगळ्यांत शेवटी, नाहीतर नंतरचा थेंब जेलवरूनच वाहून जातो. एकच थेंब पुरे, दुसऱ्याला डोळ्यात जागाच नसते. टाकल्यावर डोळा हलकेच मिटा, गच्च नको, आणि नाकाकडचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरा. नंतर काही मिनिटं धुरकट दिसेल, तोवर जिना उतरू नका, गाडी चालवू नका. सकाळी पापणीच्या कडेला पातळ पापुद्रा दिसला तर घाबरू नका. ते रात्री काम करून सुकलेलं जेल असतं. स्वच्छ ओल्या कापसाने टिपून घ्या.